गोड बोलणं

"या, बसा ना. आपण कुठून आलात?" खाटेवरून हिंदूरावनं हात जोडले.

आकाराम दारातच थबकला. तालमीपासूनच्या या दोस्तानं त्याला कधी नावानं हाक मारली नव्हती. "आलास व्हय, मुडद्या?" हाच त्याचा नमस्कार, आणि तब्येत झकास असली की आकारामच्या सात पिढ्यांचीही विचारपूस.

सूनबाई मात्र खुशीत होती. "मेंदूचा झटका येऊन गेल्यापासून मामंजी किती गोड बोलत्यात बघा, काका! एक शिवी न्हाई."

ती चहा टाकायला गेली. आकारामनं दोस्ताच्या कानात त्याचीच आवडती शिवी हासडली आणि उत्तराची वाट बघत बसला.

हिंदूरावनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "असं बोलू नये हो. कुणाचंही मन दुखतं."

"चुकलं, हिंदूराव," आकाराम म्हणाला. "तुम्ही आराम करा."