दुधात ठेवलेला दात

"मुळाला हात नाही ना लावलात?" दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही. वरच्या टोकाला धरला, नळाखाली जरासा धुतला आणि लगेच दुधात टाकला." मुलानं स्टीलची डबी पुढे केली. फोनवर बाईंनी सांगितलं होतं, अगदी तस्सं त्यानं केलं होतं.

डबीच्या तळाशी त्याच्या वडिलांचा पुढचा दात होता. वडील खुर्चीत आडवे पडले होते, तोंडात कापसाचा बोळा, नजर छताला. सत्तरी ओलांडली तरी त्यांची बत्तीशी शाबूत होती, आणि लोक त्याचं कौतुक करून थकत नसत. पहाटेच्या दंड-बैठकाही अजून चुकलेल्या नव्हत्या.

"किती वेळ झाला?"

"मी एक वाजता घरी आलो. त्याच्या जरासं आधी झालं असेल."

"तासाच्या आत बसवला तर दात जगेल. बघू या."

वडील निवृत्त मुख्याध्यापक. शहरातली निम्मी माणसं त्यांच्या छडीखालून गेलेली, त्यात या बाईसुद्धा. "सर, तोंड उघडा," एवढंच त्या म्हणाल्या. मदतनीस मुलगी जेवायला निघाली होती, तिला त्यांनी थांबवलं. "तू इथंच थांब. आणि दार उघडं राहू दे."

खोलीत उकडत होतंच. दार उघडं ठेवलं ते बरं झालं, असं मुलाला वाटलं.

घडलं ते त्यानं सांगून टाकलं. वडील स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेले, हनुवटीवरून रक्त ओघळतंय, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या. अंगणातल्या टाकीतलं पाणी आणताना घागर लवंडली असावी. स्वयंपाकाच्या बाईचा पत्ता नाही. मागच्या दाराशी तिच्या चपला मात्र तशाच.

"पायात चपला घालायचंही भान राहिलं नाही, अशी पळाली! मी विचारलं, बाबा, बाईनं मारलं का? त्यांनी मान हलवली. मग मी आधी पोलिसांना फोन केला आणि मग तुम्हाला."

डॉक्टरीणबाईंनी जबडा दाबून पाहिला, कानाजवळ बोटं ठेवून तोंड उघडायला-मिटायला लावलं, एक्स-रे काढला. हाड कुठं मोडलं नव्हतं, पण दाताची रिकामी खोबण त्या आरसा धरून पुन्हापुन्हा पाहत राहिल्या.

"कशानं मारलं म्हणालात?"

"लाटणं असेल. नाहीतर तवा."

"समोरून मार बसला की दात आत जातो, घशाकडे. इथं पुढची कड फुटलीय. दात बाहेर ओढला गेलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे सरांनी काहीतरी करकचून चावून धरलं होतं. आणि ते कुणीतरी जिवाच्या आकांतानं सोडवून घेतलं."

मुलाच्या डोक्यात तिडीक गेली. "तोंड दाबलं तिनं त्यांचं! श्वास कोंडून मारायला निघाली होती! सहा वर्षं घरात वावरली, आणि हे?"

"असेल," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

वडिलांनी छतावरची नजर हलवली नाही.

तेवढ्यात मुलाचा फोन वाजला. स्वयंपाकाच्या बाईची बहीण होती.

"दादा, ताई अजून घरी आली नाही हो. तिचा फोनपण लागत नाही. तुमच्याकडून निघाली का?"

"मला काय विचारता? तुम्हीच लपवली असेल. पोलीस येतायत, सांगून ठेवा तिला."

"असं काय बोलता? ती कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात..." बहीण रडायला लागली.

त्यानं फोन बंद केला. क्षणभर त्याला स्वतःचीच लाज वाटली. तो तापानं फणफणला होता तेव्हा हीच बाई रविवारीसुद्धा येऊन त्याच्यासाठी पेज करून गेली होती. मग समोर वडिलांचा रक्तानं माखलेला सदरा दिसला आणि त्याचं मन पुन्हा घट्ट झालं. आई गेल्यावर या माणसानं त्याला एकट्यानं वाढवलं होतं. आज त्यांच्यावर कुणी हात टाकतो आणि आपण दया दाखवायची?

डॉक्टरीणबाईंनी भुलीची सुई दिली, खोबण धुतली आणि दुधातला दात उचलून बोटानं हळूहळू वर दाबला. तो जागेवर बसला. मग बारीक तार शेजारच्या दातांना चिकटवून त्यांनी तो बांधून टाकला. तार दोनदा त्यांच्या हातून निसटली होती. जुन्या विद्यार्थिनीचा जीव तुटतोय, मुलाच्या मनात आलं, आणि त्याला भरून आलं.

"दोन आठवडे तार राहील. पुढच्या दातांनी काही चावायचं नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन आजच घ्या." सगळं त्या मुलाकडे बघूनच बोलल्या. बाहेरच्या खोलीत पोलिसांचा फोन आला, जखमेची माहिती हवी होती. तो घ्यायला जाताना बाईंनी मदतनीस मुलीलाही बरोबर नेलं.

मुलगा वडिलांवर वाकला. त्यांचा हात त्यानं दोन्ही हातांत घेतला.

"बाबा, आता काळजी करू नका. स्टँडवर, स्टेशनवर, सगळीकडे माणसं गेलीत. संध्याकाळच्या आत सापडेल ती. मी सोडणार नाही तिला."

वडिलांनी तोंडातला बोळा काढला, नीट तबकात ठेवला. मग शाळेत भर वर्गात बोलायचे, त्याच शांत आवाजात म्हणाले, "आधी ते दार लोटून घे."

त्यानं दार लोटलं.

"आता पोलिसांना सांग, आमची तक्रार नाही. अंगणातल्या टाकीचं झाकण मी एकट्यानं उचललं होतं, पण तिला बाहेर काढायला तू लागशील."