हरलेल्याचा कागद

“ते खत माझ्या हातात द्या,” कमरजहां म्हणाली.

दीनानाथपंत कारकुनाने भुवया उंचावल्या. “हातात घेऊन काय करणार आपण? वाचता येतं?”

“वाचता येत नाही. कागद कळतो.”

न्यायसभेत खसखस पिकली. पुणेकराला हसायला एवढंही पुष्कळ होतं. समोर बसलेले पेशव्यांचे न्यायाधीश अनंतशास्त्री मात्र हसले नाहीत. त्यांच्यापुढे भलेभले सरदार जोडे बाहेर काढून येत, आणि आत आल्यावर आवाजही बाहेरच ठेवून आल्यासारखे बोलत.

तीन वर्षांपूर्वी याच सभेत कमरजहांचं घर गेलं होतं. तिच्या मयत नवऱ्याने ते संपतशेटला विकल्याचं खत निघालं. पंतांनी ते खणखणीत वाचून दाखवलं, दोन साक्षीदारांनी माना डोलावल्या आणि शास्त्रीबुवांनी निवाडा दिला. तेव्हापासून ती आपल्याच अंगणातल्या हौदावर शेटसाठी कागद गाळत होती. आता शेट मेला. त्याला मूलबाळ नाही, भाऊबंद नाही. उद्या सकाळी घर सरकारजमा होणार, हौदासकट कुलूप लागणार. चिंध्या कुटून आणि लगदा गाळून जगणाऱ्या बाईला हौद गेला की पोटच गेलं.

“द्या त्यांना,” शास्त्रीबुवा म्हणाले.

कमरजहांने खत खिडकीपाशी नेलं, उजेडात आडवं धरलं आणि एका जागी बोट ठेवलं.

“शास्त्रीबुवा, ही गाठ बघा. धन्यांच्या मौतीचा चाळिसावा दिवस झाला आणि मी हौदात उतरले. हात नवखा, पहिल्याच दिवशी लगदा गाळायच्या जाळीच्या दोन काड्या मोडल्या. मी दोऱ्याने बांधल्या. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक कागदात ही गाठ उमटते. खतावर मिती कधीची?”

“दहा वर्षांपूर्वीची,” पंत म्हणाले. त्यांचा आवाज आता तितका खणखणीत नव्हता.

“धन्यांना जाऊन पाच वर्षं झाली.”

शास्त्रीबुवा बैठकीवरून उठले. दप्तराचा कागद तिच्या नवऱ्याच्या वेळेपासून त्याच हौदावरून येत असे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी सात वर्षांपूर्वीचा एक कागद काढवला आणि उजेडात धरला. तो स्वच्छ होता. मग त्यांनी तिच्याविरुद्ध स्वतः दिलेला निवाडा मागवला. तोही धरला. गाठ तिथेच होती. तिला बेघर करणारी अक्षरं तिनेच गाळलेल्या कागदावर उमटली होती. ते बराच वेळ ती गाठ पाहत राहिले.

“हे खत तेव्हा बाईंच्या हातात का दिलं नाही?” त्यांनी विचारलं.

पंत चाचरले. “निरक्षर म्हणून वाचून दाखवलं, महाराज. आपणही...”

“होय. मीही विचारलं नाही.”

पंतांनी घसा साफ केला. माणूस वाईट नव्हता, पण रिवाजाला चिकटलेला. “खत बनावट, हे दिसतंच आहे. पण निवाडा फिरवायचा तर येजितखत लागतं. हरलेल्या पक्षाने स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं की मी खोटा, समोरचा खरा. त्याशिवाय सरकार घर सोडणार नाही. शेट तर गेला. वारस नाही. आता लिहिणार कोण?”

कमरजहां तिथेच जमिनीवर बसली. एवढं सगळं खरं ठरूनही घर जाणार होतं.

शास्त्रीबुवा तिच्यासमोर जमिनीवरच बसले. पंतांच्या हातून दौत आणि लेखणी घेतली. सभेतले सगळे आपोआप उभे राहिले. का, ते कुणालाच सांगता आलं नसतं. शास्त्रीबुवा एकेक शब्द मोठ्याने उच्चारत लिहू लागले, तिला वाचता येत नव्हतं म्हणून.

“येजितखत. कमरजहां कागदवाली यांस, लिहून देणार अनंतशास्त्री, न्यायाधीश. आपल्या घराचे वादात आपण खऱ्या. मी खोटा.”