दुसरी प्रत नाही

"खुर्ची फिरव," बाई म्हणाल्या. "आरशाकडे पाठ कर."

चिमणीने मुकाट्याने खुर्ची फिरवली. मुकाट्याने काही करणं हा तिचा स्वभाव नव्हे. शाळेत तिच्या बडबडीला कंटाळून बाईंनीच तिला हे नाव ठेवलं होतं. आता तिचं स्वतःचं पार्लर होतं, आणि केमो संपल्यावर बाई पहिल्यांदाच तिच्याकडे आल्या होत्या. सोमवारपासून त्यांना पुन्हा वर्गावर जायचं होतं.

बाईंनी डोक्यावरचा रुमाल सोडला. गेलेले केस बोटाच्या पेराएवढे परत आले होते. कुठे दाट, कुठे विरळ. कित्येक महिने बाई दात घासतानासुद्धा बेसिनकडे बघत, वर नाही.

कानांमागचे चुकार केस सारखे करायला असा कितीसा वेळ लागणार? चिमणीने बाईंच्या मानेवरचे केस झटकून दिले आणि कपाटातून एक जाडजूड कॅमेरा काढला.

"हे कसलं धूड?"

"खटका दाबला की फोटो लगेच बाहेर येतो, बाई. मध्ये असे कॅमेरे बंदच पडले होते, आता पुन्हा निघालेत. रविवारी आम्ही आठ-दहा वेडे जमतो आणि हे गळ्यात अडकवून हिंडतो. नवरा म्हणतो, घरचं झालं थोडं नि व्याह्याने धाडलं घोडं! काढू तुमचा?"

"नको गं. भाचीने काढला होता फोनवर. चहा निवायच्या आत सगळ्या खानदानाने बघितला. सगळ्यांनी लिहिलं, छान दिसतेस. खोटारडे मेले!"

"हा कुणी बघणार नाही. याला दुसरी प्रतच नसते. थेट तुमच्या हातात देते. नाही आवडला तर कात्री ही इथे."

बाईंनी कात्रीकडे पाहिलं. मग कॅमेऱ्याकडे.

"काढ. पण 'हसा' म्हणू नकोस."

चिमणी म्हणाली नाही. लख्ख उजेड पडला, कॅमेरा घरघरला आणि पुढच्या फटीतून एक पांढरा चौकोन बाहेर आला. बाई तो हातात घेऊन हलवायला लागल्या.

"हलवू नका! मांडीवर पालथा ठेवा. जरा कळ काढा."

घंटा होईपर्यंत पेपर उलटायचा नाही, असं बाईंनी जन्मभर पोरांना बजावलं होतं. त्या वेळी पोरांना किती दम धरावा लागत असेल, ते आज कळलं.

"झाला असेल आता," चिमणी म्हणाली आणि मुद्दाम पाठ करून टॉवेलांच्या घड्या घालायला लागली.

तिसऱ्या टॉवेलाची घडी होत आली. मग मागून एकदम नाकातून फुस्सकन आवाज आला. चिमणी धसकून वळली.

"बाई? रडताय?"

"अगं, हे तर आमचे अण्णा!" बाईंना हसू आवरेना. "माझे वडील! हेच कपाळ, हेच कान, हेच आडमुठं नाक. मी आईवर गेलेय म्हणून सगळे सांगायचे. कसली आईवर! केसांनी इतकी वर्षं सगळ्यांना फसवलं बघ."

चिमणीने वाकून फोटो पाहिला. "तब्येतीने कसे होते अण्णा?"

"आडदांड. आणि हट्टी! नव्वदी उलटल्यावर डॉक्टर म्हणाले, आता जिने चढू नका, तर यांनी डॉक्टर बदलला."

बोलता बोलता बाई थांबल्या. हात वर नेऊन त्या कपाळ, कान, नाक, एकेक करून स्वतःच चाचपून पाहायला लागल्या.