हिरव्या भिंतीला शोभेल असं

"हिरव्या भिंतीला कुठला पडदा शोभंल?" गिऱ्हाइकानं विचारलं.

पुंडलिकनं कापडाचा तागा उलगडला. "हिरवी म्हणजे कशी? पानासारखी?"

"न्हाई. होडीला लावत्यात तसली. कमरेपर्यंत हिरवी, वर चुना."

पुंडलिकचा हात ताग्यावरच थांबला.

होडीचा रंग भिंतीला लावलेलं चिंचणीत एकच घर होतं, आणि त्यात तो स्वतः राहत होता. सासरा भगवंत होड्या बांधायचा. उरलेला रंग घराला फासायचा. जाताना त्यानं घर एकुलत्या एका मुलीच्या, आनंदीच्या नावावर केलं. पुंडलिक घरजावई. रोज सकाळी सायकलनं बोईसरला येऊन तो स्टेशनजवळचं हे दुकान उघडायचा. चादरी, पडदे, सतरंज्या, दिवे. दिवाळी आठ दिवसांवर आली होती.

गिऱ्हाईक नगरकडचं होतं. शिवाजी नाव. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चाललं होतं, तिथे वेल्डर.

"कोणासाठी घेता?" पुंडलिकनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"घरच्यासाठी. या दिवाळीला खोली अशी दिसली पायजे, की तिनं दारातच थबकावं."

"खोली कुठे हाय?"

"ते इतक्यात सांगायचं न्हाई. बाईंना शब्द दिलाय."

"कोण बाई?"

शिवाजी हसला. "तो पिवळा दाखवा की."

पिवळा पडदा त्यानं बाजूला ठेवायला सांगितला आणि गेला.

पुंडलिकची एक रीत होती. सकाळी निघताना तो उंबऱ्याबाहेर चुलीतली राख पसरायचा. मुंग्या येतात, म्हणायचा. संध्याकाळी आला की आधी वाकून पावलं बघायचा, मग चपला काढायचा. लग्नाला सात वर्षं झाली होती. आनंदी किती वेळा बाहेर गेली, दारात कोण आलं, सगळं तो राखेवरून सांगायचा. आनंदीही कधी काही बोलली नव्हती.

त्या संध्याकाळी उंबरा स्वच्छ होता.

"राख कुठे गेली?"

"झाडली. दिवाळी आली."

"मुंग्या येतील."

"येऊ दे. त्यांना तरी येऊ दे कुणाकडे."

"आज कोण आला होता?"

"बोका." आनंदीनं ताट पुढे सरकवलं. "जेवा. गार होतंय."

जेवताना त्याची नजर खिडकीवर गेली. चौकटीच्या दोन्ही बाजूंना नवे खिळे होते.

"हे कशाला?"

"दोरी बांधायला. कपडे वाळत नाय."

दिवसभर बाहेर अंगण उन्हानं तापत असताना घरात कपडे कोण वाळवतं? पुंडलिकनं घास गिळला. दुसऱ्या दिवशी त्यानं दुप्पट राख पसरली. संध्याकाळी तीही नव्हती.

दोन दिवसांनी शिवाजी पुन्हा आला. त्याला दिवा हवा होता. पुंडलिकनं उंच काचेचा काढला.

"ह्यो न्हाई बसायचा. बाई म्हनल्या, कोनाडा बुटका हाये, वरनं काच तडकंल."

पुंडलिकला तो कोनाडा माहीत होता. मागच्या दिवाळीत त्याच्याच दिव्याची काच तिथे तडकली होती.

"बाईंचं बारीक लक्ष दिसतंय," तो म्हणाला.

"लई. पन माणूस सोन्यासारखं. आल्या आल्या च्या टाकत्यात. आमच्यासारख्या परक्याला कोन विचारतं हितं?"

पुंडलिकनं बुटका दिवा कागदात गुंडाळला. कागद दोनदा फाटला.

धनत्रयोदशीला दुपारी शिवाजी सगळंच घ्यायला आला. पिवळा पडदा, सतरंजी, उशीचे अभ्रे. मग एक लाल काठाची रजई त्यानं गालाला लावून पाहिली.

"ही पन द्या. थंडी सोसत न्हाई तिला. पाय गार पडत्यात."

आनंदीही निजताना पाय लुगड्यात गुंडाळून घ्यायची.

"सामान मी पोचवतो," पुंडलिक म्हणाला.

"तुमी? घर ठाऊक हाये?"

"चिंचणीत हिरव्या भिंती एकाच घराला हायत."

शिवाजी चपापला. मग मोकळं हसला. "आता झाकून काय उपेग! या मग. मी व्हतो पुढं."

"तू हो पुढे. मी येतोच."

त्यानं मुद्दाम थोडा वेळ जाऊ दिला. दोघं घरात एकत्र सापडायला हवी होती. मग गाठोडं सायकलला बांधलं, कापड मोजायचा लोखंडी गज त्यात खुपसला आणि दुकानाची फळी लावली. वाटेत ओळखीच्यांनी हाका मारल्या, त्या त्याला ऐकू आल्या नाहीत.

ओट्यावर एक पत्र्याची पेटी ठेवलेली होती. दोरीनं आवळलेली, वर उशी. पेटी त्याचीच होती. त्यानं गाठोडं खांद्यावर टाकलं, गज हातात घेतला आणि दार ढकललं.

शिवाजी खिडकीशी स्टुलावर उभा राहून खिळ्यांना पडद्याची दोरी बांधत होता. पण सतरंजी कुठे घालायची ते एक अनोळखी बाई दोन पोरांना दाखवत होती. चुलीपाशी आनंदी चहा गाळत होती.

"आला व्हय!" शिवाजी स्टुलावरून उतरला. "साखरबाई, बघ तुझं दिवाळीचं सामान आलं. उद्या यायची ती आज सकाळच्याच गाडीनं आली गावाकडनं. आता आमी हितंच. बाईंनी पुढची खोली भाड्यानं दिलीया. त्या एकट्या राहत्यात, त्यांनाबी सोबत."

खांद्यावरचं गाठोडं घसरून खाली आलं. साखरबाईनं त्याच्या हातातल्या गजाकडे पाहिलं आणि पोरांना जवळ ओढलं.

"अक्का, ह्ये कोन?" तिनं आनंदीला विचारलं.

आनंदीनं चहाचा कप साखरबाईच्या हातात दिला. पदराला हात पुसले. मग पुंडलिककडे सरळ बघत म्हणाली,

"दुकानदार हाय. सामान उतरून घ्या नि त्याची पेटी त्याला उचलून द्या."