व्हर्नानं बसवलेली नळी

केंटकीतल्या नेमबाजीच्या मैदानावर हार्लन वर्षभर सांगत फिरला, "व्हर्नाच्या नवऱ्यानं घडवलेली नळी कच्ची होती, म्हणून फुटली." वारलेला नवरा काय उत्तर देणार? शेवटी तीच ठासणीची बंदूक घेऊन हार्लन व्हर्नाकडे आला; नवऱ्यामागं बंदुकांचं काम आता तीच करायची. "वहिनी, नवी नळी बसवा." तिनं फुटक्या नळीचा तळ उघडताच काडतुसातल्या जास्त जोरदार, बिनधुराच्या दारूचे न जळलेले दाणे निघाले. काळ्या दारूच्या बंदुकीत ती भरली तर कुठलीही नळी फुटणारच. व्हर्ना पेटली, तरी कामाला लागली. नव्या नळीला काजळी फासून, दस्त्याच्या लाकडावर डाग उठेल तिथं तासत तिनं ती चपखल बसवली. मैदानावर दारूचं माप जुळवत पाच गोळ्या नाण्याएवढ्या जागेत मारल्या. हार्लननं बंदुकीसाठी हात पुढे केला. "आधी सगळ्यांना सांग, काय भरलं होतंस." "जाऊ द्या ना!" "सांग!" तो पुटपुटला. "मोठ्यानं!" सगळ्यांनी ऐकलं. त्याला बंदूक मिळाली, माफी नाही.