फिरायला चाललेय म्हण

लेकाला परदेशात बाळ झालं अन् आमच्या हिचा जीव नातवात अडकला. "व्हिसाच्या मुलाखतीत फिरायला चाललेय एवढंच म्हण," असं लेकानं तिला पोपटासारखं पढवलं.

साहेबानं विचारलं, "तिकडं काय काय बघणार, मावशी?"

"बघायला कुठली सवड, साहेब? बाळाची अंघोळ, धुणं, सगळ्यांचा स्वयंपाक. सून कामावर गेली की बाळ माझ्याच कडेवर."

झालं! बाई फिरायला नाही, कामाला चाललीय म्हणून व्हिसा नाकारला.

लेक फोनवर करवादला, "फिरायला येतेय म्हणायला काय जात होतं तुझं, आई?"

ही दमून भिंतीला टेकली.



"तू एकदा तरी फिरवतो म्हणाला असतास, तर म्हणाले असते की रे."