तोंड बांधून मारलेलं औषध

तपासणीच्या बाईंनी अहवालाचं पाकीट टेबलावर ठेवलं आणि ते फोडायच्या आधीच लेक बोलून मोकळा झाला.

"औषध मी मारलंय. दोन महिने. आई दुपारी आडवी झाली की."

काचघरात पंखा फिरत होता. वाफ्यांत सॅलडची पानं टवटवीत उभी होती. ती जायची रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात, आजाऱ्यांच्या ताटात, कच्चीच. पानावर औषधाचा अंश सापडला की करार रद्द. म्हणून तर आई रोज लसूण-मिरची वाटायची, फडक्यातून गाळायची, साबण घालून ते दुधाळ पाणी फवारायची. हातांची आग आग व्हायची. काचघराला लसणाचा वास बारमाही.

आणि लेक? चार बुकं शिकलेला. लसणाने कुठे पानांवरची मावा कीड मरते होय, म्हणून दात काढायचा. मग दुकानातून पांढऱ्या औषधाचा डबा आणला आणि फुटक्या कुंड्यांमागे दडवला. फवारताना मात्र हातमोजे, चष्मा, कानापर्यंत आवळलेला जाड मास्क. स्वतःचा जीव भारी प्यारा!

बाईंनी पाकीट फोडलं. कागद वाचला. परत वाचला.

"पानांवर काहीच सापडलं नाही."

दुसरा कुणी असता तर देवाला हात जोडले असते. याच्या नाकपुड्या फुगल्या.

"शक्यच नाही! तुमचं यंत्र बिघडलंय. मावा काय लसणाने गेला? माझ्या औषधाने गेला!"

करार बुडाला तरी बेहत्तर, पण आईचा लसूण खरा ठरायला नको. शिकून अक्कल येते म्हणतात, ती अशी.

तो तरातरा गेला. मास्क चढवून डबा घेऊन आला, टेबलावर आदळला, झाकण उघडलं. आत पांढरं पाणी.

"घ्या पुरावा."

आई इतका वेळ कोपऱ्यात लसूण सोलत होती. तिने मानही वर केली नाही.

"मास्क काढ."

"विषारी असतं ते, आई."

"काढ म्हणते ना. दोन महिन्यांत एकदा तरी हुंग."

त्याने मास्क खाली ओढला. डब्यावर वाकला. आणि तसाच वाकलेला राहिला.

आईने कमरेची किल्ली काढून टेबलावर टाकली.

"तू डबा दडवलास, त्याच दिवशी तुझं औषध बाटल्यांत भरून कोठीत कुलपात घातलंय. दोन महिने माझाच लसूण मारलास, बाळा. तोही तोंड बांधून."